हुआवेचा खटला आणि सौद्यात मांडलेला आरोपी

धरमपेठ (धागा सुरू करणारे)

अमेरिकेच्या न्याय खात्याने २८ जानेवारी २०१९ रोजी हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीविरुद्ध दोन आरोपपत्रे खुली केली. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या न्यायालयातील आरोपपत्रात इराणवरील निर्बंधांचा भंग, बँकांची फसवणूक आणि तपासात अडथळा आणणे असे तेरा आरोप होते. सिएटलच्या आरोपपत्रात टी-मोबाइल कंपनीचे व्यापारी गुपित चोरल्याच्या प्रकरणातले दहा. त्यानंतर दोनच दिवसांनी चीनचे उपपंतप्रधान व्यापारी वाटाघाटींसाठी वॉशिंग्टनमध्ये बसणार होते. कंपनीच्या मुख्य वित्त अधिकारी आणि संस्थापकांच्या कन्या मेंग वानझोउ यांना अमेरिकेच्या विनंतीवरून कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विमानतळावर अटक झाली ती १ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे ट्रम्प आणि शी जिनपिंग ब्युनोस आयर्समध्ये जेवता जेवता आयातशुल्काबाबत नव्वद दिवसांचा तह करत होते त्याच दिवशी.

प्रकरण जुने असले तरी संपलेले नाही. आरोप रद्द करावेत ही कंपनीची मागणी ब्रुकलिनच्या न्यायाधीशांनी जुलै २०२५ मध्ये बहुतांशी फेटाळली आहे.

आरोपांत तथ्य असू शकते हे मी आधीच मान्य करतो. माझा आक्षेप वेगळा आहे. अटकेनंतर दहाच दिवसांनी ट्रम्प यांनी रॉयटर्सला दिलेल्या मुलाखतीत, व्यापारी कराराला उपयोग होणार असेल तर आपण या प्रकरणात हस्तक्षेप करू, असे सांगितले. ज्या क्षणी राज्यकर्ता असे बोलतो, त्या क्षणी आरोपी हा आरोपी राहत नाही, तो ओलीस होतो; आणि त्यानंतर सरकारी वकिलांनी कितीही सचोटीने पुरावा मांडला, तरी समोरच्या देशाला तो सौद्याचाच भाग वाटणार. झेडटीई या दुसऱ्या चिनी कंपनीच्या बाबतीत हे आधीच घडून गेले होते. निर्बंधभंगाच्या प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये तिला अमेरिकी सुटे भाग देण्यावर सात वर्षांची बंदी आली, तिचे कामकाज जवळजवळ ठप्प झाले, आणि जुलैमध्ये एक अब्ज डॉलरचा दंड घेऊन बंदी उठली. गुन्ह्याला भाव असतो, हा धडा बीजिंगने तेथेच घेतला असावा.

सदर

मी निवृत्त बँक अधिकारी आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली नऊ वर्षे परकीय चलन विभागात गेली, म्हणून या प्रकरणाकडे मी व्यापारयुद्धाच्या बाजूने न पाहता काउंटरच्या आतल्या बाजूने पाहतो.

धागाकर्त्यांनी ‘बँकांची फसवणूक’ हे दोन शब्दांत उरकले, पण सारे प्रकरण त्यातच आहे. इराणमध्ये स्कायकॉम नावाची हाँगकाँगमध्ये नोंदलेली एक कंपनी व्यवसाय करत होती. तिने अमेरिकी बनावटीची संगणक सामग्री इराणी दूरसंचार कंपनीला देऊ केल्याचे वृत्त रॉयटर्सने २०१२ च्या अखेरीस दिले आणि तिचे हुआवेशी असलेले धागेदोरे जानेवारी २०१३ मध्ये उघड केले. साहजिकच एचएसबीसी बँकेने हुआवेला विचारणा केली. ऑगस्ट २०१३ मध्ये मेंग यांनी हाँगकाँगमध्ये बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सादरीकरण केले आणि स्कायकॉम ही केवळ व्यावसायिक भागीदार असून तिचे समभाग आपण विकून टाकले आहेत, असे सांगितले. आरोपपत्र म्हणते की ते समभाग ज्याने घेतले तोही हुआवेच्याच मुठीत होता.

डॉलरमधला व्यवहार दोन परक्या देशांत झाला तरी त्याचा हिशेब बहुधा न्यूयॉर्कमधल्या बँकांतूनच पुरा होतो, हे परकीय चलनाच्या खिडकीवर बसलेला प्रत्येक कारकून जाणतो. अमेरिकेचा अधिकार तेथून सुरू होतो. आमच्या गोंदियाकडच्या एखाद्या तांदूळ निर्यातदाराने माल खरोखर कोणाला गेला हे शाखेपासून लपवले, खोटे घोषणापत्र दिले आणि ते पुढे उघडकीस आले, तर दोन देशांचे संबंध कसे आहेत हे पाहून आम्ही तक्रार करायची की नाही ते ठरवणार होतो काय? इराणशी उघडपणे व्यवहार करण्याची वाट आपल्याच देशाने दाखवली होती. २०१२ पासून तेलाच्या देण्याचा काही भाग युको बँकेमार्फत रुपयांत चुकता होत असे. ती वाट गैरसोयीची होती, पण लपवाछपवीची नव्हती.

मिहान

मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, म्हणून सिएटलच्या आरोपपत्राविषयी थोडे. टी-मोबाइलकडे फोनच्या पडद्यावर माणसाच्या बोटासारखा स्पर्श करून चाचणी घेणारे ‘टॅपी’ नावाचे यंत्र होते, आणि २०१३ मध्ये हुआवेच्या एका अभियंत्याने त्याचा एक हात प्रयोगशाळेतून बाहेर नेला. टी-मोबाइलने २०१४ मध्ये दिवाणी दावा लावला. २०१७ मध्ये ज्यूरीने ४८ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, मात्र गुपित हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने चोरले, असे ज्यूरीला आढळले नाही. मग तोच वाद २०१९ मध्ये फौजदारी होऊन पुन्हा उभा राहतो, हा योगायोग मला पटत नाही. प्रतिस्पर्ध्यांची गोपनीय माहिती आणणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षिसे देण्याची योजना कंपनीत होती, हा त्या आरोपपत्रातला मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि मी धागाकर्त्यांच्या बाजूचा असलो तरी तो मला गिळता येत नाही.

लक्ष्मीनगर

मी येथे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. धागाकर्त्यांनी तारखांवर बराच भार दिला आहे, म्हणून आणखी एक तारीख पुढे ठेवतो. मेंग यांच्या अटकेचे वॉरंट न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१८ रोजी काढले होते. त्या हाँगकाँगहून मेक्सिकोला जाताना कॅनडात विमान बदलणार होत्या, म्हणून अटक त्या दिवशी झाली. जेवणाचा बेत पाहून विमानाचे वेळापत्रक ठरवता येत नाही.

आणि खरा प्रश्न कॅनडाच्या न्यायालयासमोर तपासला गेला आहे. प्रत्यार्पणासाठी, म्हणजे आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करण्यासाठी, ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यामागेही हेच तत्त्व आहे. बचाव असा होता की अमेरिकेसारखे इराण निर्बंध त्या वेळी कॅनडात नव्हतेच, तेव्हा ज्या निर्बंधांमुळे बँकेला धोका उत्पन्न झाला असे म्हणता, ते वगळले तर गुन्हाच उरत नाही. युक्तिवाद हुशारीचा होता. न्यायमूर्ती हेदर होम्स यांनी मे २०२० मध्ये तो अमान्य केला आणि आरोपाचे मर्म फसवणूक हे आहे, निर्बंधभंग नव्हे, असे ठरवले. ट्रम्प काय बोलले याचे भांडवल बचावपक्षानेही पुढे पुरेपूर केले. न्यायालय राष्ट्राध्यक्षांच्या मुलाखतीवर चालत नाही, आणि पुढाऱ्याची जीभ सैल सुटली म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

धरमपेठ (धागा सुरू करणारे)

वकीलसाहेब, वॉरंटच्या तारखेचा मुद्दा मान्य. अटकेचा दिवस मुद्दाम निवडला असे सुचवण्यात मी घाई केली. परंतु शेवट पाहा. २४ सप्टेंबर २०२१ रोजी मेंग यांच्यावरील खटला लांबणीवर टाकण्याचा करार झाला. त्यांनी तथ्यांचे निवेदन मान्य केले, गुन्हा कबूल केला नाही, आणि त्या मायदेशी निघाल्या. मेंग यांच्या अटकेनंतर नऊ दिवसांनी चीनने ज्यांना उचलले होते, ते मायकेल कोव्हरिग आणि मायकेल स्पॅव्हर हे दोन कॅनडावासी त्याच दिवशी सुटले. पावणेतीन वर्षे चाललेल्या प्रत्यार्पणाच्या सुनावण्यांचा अंतिम निकाल न्यायमूर्ती होम्स यांना द्यावाच लागला नाही. याला न्यायालयीन शेवट कसे म्हणावे?

आणि आपण नागपूरकरांनी भोपाळ विसरू नये. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचावे एवढेच ते अंतर. युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी तेथे अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन देऊन सोडण्यात आले. भारताने २००३ मध्ये केलेली प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेने फेटाळली. हजारो माणसे वायूने मेली त्या प्रकरणात परक्या कंपनीचा अध्यक्ष हाती लागत नाही, आणि बँकेपुढच्या एका सादरीकरणासाठी दुसऱ्या देशाच्या विमानतळावर बेड्या पडतात, तेव्हा कायदा एकच आहे असे सांगणाऱ्याने थोडे थांबून बोलावे.

लक्ष्मीनगर

भोपाळचे दुःख मी नाकारणार नाही, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष असा की अँडरसन यांना सोपवायला हवे होते. मेंग यांना सोडायला हवे होते, असा निघत नाही. एका ठिकाणी न्याय झाला नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी तो मागू नये, हा युक्तिवाद कोणत्याही आरोपीला आवडेल.

कळमना

मी संत्र्याचा व्यापारी. कायद्यातले बारकावे या मंडळींनी सांगितले, मी फक्त धंद्याच्या अंगाने लिहितो. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वाढवत नेले तेव्हा आमच्या मालाची तिकडची वाट अडली आणि काटोल-नरखेडच्या बागाईतदारांना त्याची झळ बसली. पण शुल्क राजपत्रात छापून येते, आकडा कळतो, तो भावात धरता येतो किंवा माल दुसरीकडे वळवता येतो. अटक भावात कशी धरणार? उद्या ढाक्याला वसुलीसाठी गेलेल्या आमच्या माणसाला जुन्या कागदपत्रांवरून कोणी अडकवले आणि मागाहून समजले की खरा वाद पाण्याचा किंवा सीमेचा आहे, तर आम्ही माणूस पाठवणेच बंद करू. म्हणून मला धागाकर्त्यांचे म्हणणे पटते, जरी हुआवेविषयी मला काडीचे प्रेम नाही.

आपल्याकडचेही पाहावे. गलवाननंतर चिनी कंपन्यांवरची नजर कडक झाली. ईडीने जुलै २०२२ मध्ये विवोशी संबंधित ४८ ठिकाणी छापे घातले आणि १,२५,१८५ कोटींच्या उलाढालीपैकी ६२,४७६ कोटी रुपये देशाबाहेर, मुख्यतः चीनला गेल्याचा दावा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अटकाही झाल्या. आता दोन्ही देशांमधली विमाने पुन्हा सुरू झाली आहेत. हे खटले जोमाने चालले तर मी वकीलसाहेबांच्या बाजूने येईन. गुपचूप मिटले, तर त्यांनी माझ्या बाजूने यावे.

सदर

कळमन्याच्या भाऊंचा मुद्दा मला वकीलसाहेबांच्या मुद्द्यापेक्षा जड वाटला, हे कबूल करतो. तरीही मी जागा सोडत नाही. खोटे घोषणापत्र देणाऱ्याला अटकेची भीती असावी; प्रामाणिक व्यापाऱ्याला नसावी, आणि ती सीमा सरकारने जपावी, एवढेच माझे मागणे आहे.

धरमपेठ (धागा सुरू करणारे)

सदरच्या काकांना एक थेट प्रश्न. ज्या एचएसबीसीची फसवणूक झाली म्हणून हा सारा प्रपंच, त्याच बँकेने डिसेंबर २०१२ मध्ये मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा वळता होऊ दिल्याबद्दल आणि इराणसह इतर देशांवरील निर्बंध डावलल्याबद्दल सुमारे १.९ अब्ज डॉलर भरून खटला टाळला होता. तिच्या एकाही अधिकाऱ्यावर तेव्हा खटला भरला गेला नाही. काउंटरच्या आतून पाहताना हे कसे दिसते?

सदर

वाईट दिसते. माझ्या शाखेत ग्राहकाची ओळख न तपासता पैसे वळते केल्याबद्दल एका कॅशियरची वेतनवाढ रोखली गेली होती, आणि त्या आदेशावर सही माझी होती. एचएसबीसीचे कोणी तुरुंगात गेले असते, तर मेंग यांच्याविषयी मी याहून ठामपणे लिहिले असते.