प्रेक्षकांच्या शिव्या आणि खेळाडूचं उत्तर: ॲडम गुड्सनं नक्की काय करायला हवं होतं?

यारातीर (धागाकर्ता)

हिवाळ्यात मेलबर्नचं एमसीजी स्टेडियम फूटीसाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलसाठी, भरतं. लांबोळका चेंडू, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू आणि मैदान क्रिकेटचंच. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की इथे दोन्ही क्लबांचे पाठीराखे एकमेकांत मिसळून बसतात, कुंपण सीमारेषेला लागूनच असतं आणि गोलच्या खांबांमागे चिअर स्क्वाड झेंडे घेऊन बसलेलं असतं. एवढ्या गोंगाटात खेळाडूला काय ऐकू येणार, असं घरी टीव्हीवर बघताना वाटतं. कुंपणाजवळ खेळणाऱ्याला एकेका माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

"चांगला खेळाडू प्रेक्षकांकडे दुर्लक्ष करतो" हे वाक्य इथल्या मराठी मंडळींकडूनही मी वारंवार ऐकतो. मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

17 एप्रिल 1993. कॉलिंगवूडचं घरचं मैदान व्हिक्टोरिया पार्क, पाहुणा संघ सेंट किल्डा. निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकअ‍ॅडम या दोन आदिवासी खेळाडूंना त्या दिवशी स्टँडमधून कातडीच्या रंगावरून यथेच्छ शिव्या पडल्या. सेंट किल्डा 22 गुणांनी जिंकलं. सामना संपल्यावर विनमार कॉलिंगवूडच्या पाठीराख्यांसमोर उभा राहिला, जर्सी वर केली आणि पोटाच्या कातडीवर बोट ठेवलं. तो फोटो आज ऑस्ट्रेलियात कुणालाही दाखवा, ओळखतील. पण तेव्हा कॉलिंगवूडचे अध्यक्ष काय म्हणाले? हे लोक गोऱ्यांसारखे वागले तर त्यांना मान मिळेल, अशा अर्थाचं. दोन वर्षांनी एसेंडनच्या मायकेल लाँगनं मैदानात ऐकलेल्या शिवीविरुद्ध जाहीर तक्रार केली, तेव्हा कुठे 1995 मध्ये एएफएलनं, म्हणजे फूटीच्या राष्ट्रीय लीगनं, वांशिक अवमानाविरुद्ध नियम केला. तो नियम खेळाडू आणि क्लबच्या लोकांसाठी होता. स्टँडमधल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाची किंमत ॲडम गुड्स या आदिवासी खेळाडूनं मोजली. सिडनी स्वान्सकडून 372 सामने, दोन अजिंक्यपदं, 2003 आणि 2006 चं सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक, 2014 चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. 24 मे 2013 ला, तोही आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी राखलेल्या फेरीत, एमसीजीवर कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात एका प्रेक्षकानं त्याला माकड म्हटलं. त्यानं सुरक्षारक्षकांना बोटानं दाखवलं. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. पुढे मे 2015 मध्ये कार्ल्टनविरुद्ध गोल केल्यावर त्यानं आदिवासी युद्धनृत्याच्या काही पावलांनी आनंद साजरा केला. त्यानंतर देशभरच्या मैदानांवर चेंडू त्याच्याकडे गेला की हुर्यो सुरू व्हायची. जुलैअखेर पर्थमध्ये ती इतकी झाली की सहकारी लुईस जेटानं गोल केल्यावर स्वतः ते नृत्य करून दाखवलं. गुड्सनं सुट्टी घेतली, परत आला, आणि सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानाला फेरी मारून निरोप देतात. त्यानं ती फेरी घेतली नाही.

बोट दाखवलं तर "लहान मुलीला लक्ष्य केलं". नाचला तर "डिवचलं". घरी बसला तर "रडतो". तिन्हीपैकी एकाही वेळी त्यानं कुणाला हात लावला नाही की शिवी दिली नाही. मला विचाराल तर याहून संयमी उत्तर देताच आलं नसतं, आणि चूक जिची होती ती एएफएल मात्र शब्द शोधत बसली. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

---

पिवळाकाळा

वेगळं मत आहे. मी रिचमंडचा सदस्य आहे, हंगामभर स्टँडमध्ये असतो आणि हुर्यो करतो. हुर्यो हा फूटीचा भाग आहे. जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका हंगामात नॉर्थ मेलबर्न सोडून पोर्ट अ‍ॅडलेडला गेला, नॉर्थवाले आजही त्याच्यावर ओरडतात. त्यामागे राग क्लब सोडल्याचा आहे.

गुड्सबद्दल अनेकांची तक्रार फ्री किकसाठी तो पडतो ही होती, आणि ती 2013 च्या आधीपासून होती. पन्नास हजार लोक ओरडतात तेव्हा प्रत्येकाच्या मनातलं कारण तुम्ही कसं ठरवणार? मुलीनं उच्चारला तो शब्द सरळ वंशद्वेषी होता, तिथे वादच नाही. विनमारच्या वेळी जे झालं तेही तसंच. पण शब्द नसलेल्या आवाजावर वंशद्वेषाचा शिक्का मारलात तर स्टँडमधला साधा माणूस बिथरतो. तो "मी वंशद्वेषी नाही" हे दाखवायला पुढच्या आठवड्यात आणखी जोरात ओरडतो. 2015 मध्ये हेच घडलं असं माझं मत आहे.

2019 आठवा. मेलबर्नमधल्या डॉकलंड्सच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या वागण्यावर नजर ठेवणारे जाकीटवाले अधिकारी फिरत होते. अंपायरला टकल्या म्हणणाऱ्या कार्ल्टनच्या माणसाला हटकलं, तेव्हा सगळं शहर चिडलं होतं. तुमचा रस्ता तिथे जातो.

---

यारातीर

पिवळाकाळा, फ्री किकचा मुद्दा घेतो. ब्राउनलो पदकाची मतं मैदानावरचे अंपायर देतात, आणि त्या हंगामात निलंबन झालेला खेळाडू ते जिंकू शकत नाही. ते पदक 'सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य' खेळाडूचं आहे. गुड्सला ते दोनदा मिळालं. खोटं पडून अंपायरला फसवण्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्याला अंपायरांनीच दोनदा निवडलेलं आहे.

आणि समजा तक्रार जुनी होती. मग हुर्यो फक्त स्वान्सच्या एखाद-दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून न येता क्लब कुठलाही असो, राज्य कुठलंही असो, आठवड्यामागून आठवडा का आली? हॉर्न-फ्रान्सिसवर नॉर्थवाले ओरडतात. गुड्सवर ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता तेही ओरडत होते.

---

दोन_लेकींची_आई

मला त्या मुलीबद्दल बोलायचं आहे, कारण अशा चर्चेत ती एका वाक्यात संपते. तेरा वर्षांची पोर. सुरक्षारक्षक तिला बाहेर नेताना कॅमेरे तिच्या मागे होते, रात्रीपर्यंत सगळ्या देशानं तिचा चेहरा पाहिला. ती जे बोलली ते वाईटच. पण ती हे कुठून शिकली? शेजारच्या सीटवरून, घरातून, शाळेच्या मैदानातून. शिक्षा मात्र तिला एकटीला झाली.

गुड्सला तिचं वय दिसलं नसणार, हे मी धरून चालते. तरी माझ्या मनात येतं की एका ताऱ्याचं बोट आणि एक शाळकरी मुलगी, यात ताकद कुणाची होती?

---

यारातीर

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि गुड्सलाही तो पडला होता. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर त्यानं सांगितलं की वंशद्वेषाला काल तेरा वर्षांच्या मुलीचा चेहरा होता, पण दोष तिचा नाही, तिला आधार द्या. मुलीनं फोन करून माफी मागितली, ती त्यानं स्वीकारली आणि लोकांना सांगितलं की तिच्यावर तुटून पडू नका. कॅमेरे तिच्यामागे लावणारा तो नव्हता.

त्याच आठवड्यात काय झालं तेही बघा. कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर सामन्याच्या रात्री स्वतः स्वान्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गुड्सची माफी मागून आले होते. पाच दिवसांनी रेडिओवर किंग काँगच्या नाटकाची जाहिरात करायला गुड्सला बोलवा, असं तेच बोलून गेले. तेरा वर्षांच्या मुलीनं हे कुठून उचललं असेल, असं तुम्ही विचारलंत. देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबचा अध्यक्ष मायक्रोफोनसमोर तेच बोलत होता. त्यांचं अध्यक्षपद सुटलं ते 2021 मध्ये, क्लबमध्ये वंशद्वेष मुरलेला आहे असं सांगणारा अहवाल बाहेर आल्यावर.

---

नॉर्थस्टँड

मुंबईकर म्हणून लिहितो. ऑक्टोबर 2007, वानखेडे, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकदिवसीय सामना. अँड्र्यू सायमंड्सकडे बघून आपल्या लोकांनी माकडचाळे केले, त्याचे फोटो जगभर छापून आले. आधी बडोद्यात झालं तेव्हा आपल्याकडचे काही जण म्हणत होते की प्रेक्षकांना त्यातला अर्थच कळत नाही. वानखेडेनंतर ते म्हणायची सोय राहिली नाही. मेलबर्नच्या लोकांना शहाणपण शिकवताना हे आधी मांडलं पाहिजे.

पण पिवळाकाळांचाही एक मुद्दा मला पटतो. 1 एप्रिल 2024 ला त्याच वानखेडेवर हार्दिक पांड्याची हुर्यो झाली. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरला प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. रोहितच्या जागी कर्णधार केल्याचा राग होता, आणि जुलैत विश्वचषक घेऊन तो आला तेव्हा तेच स्टेडियम त्याच्या नावाचा जयघोष करत होतं. पांड्यानं तीन महिने तोंड बंद ठेवलं आणि खेळून उत्तर दिलं. हुर्यो अशी विरून जाऊ शकते.

---

यारातीर

पांड्यावरचा राग कर्णधारपदाचा होता, म्हणून एका चषकानं तो धुऊन निघाला. गुड्सकडे असे दोन चषक होते. त्यांनी काहीच धुतलं नाही. कारण तो काय खेळला यावर लोक चिडलेलेच नव्हते. तो काय बोलत होता यावर चिडले होते. 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाल्यावर त्यानं देशाच्या इतिहासाबद्दल, आदिवासींच्या हत्याकांडांबद्दल तोंड उघडलं. तोंड बंद ठेवायला सांगणारा सल्ला इथे कसा चालेल?

---

पिवळाकाळा

नृत्याबद्दल तुम्ही घाईनं पुढे गेलात. ते कार्ल्टनच्या चिअर स्क्वाडकडे तोंड करून होतं, शेवटी भाला फेकल्यासारखी हालचाल होती. प्रतिस्पर्ध्याच्या स्टँडकडे बघून हातवारे करणाऱ्या कुठल्याही खेळाडूला लोक बोल लावतात. त्याला संस्कृती म्हणून सूट द्यायची असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

---

यारातीर

स्पष्ट म्हणतो. ती पावलं 'फ्लाइंग बूमरँग्ज' या आदिवासी मुलांच्या सोळा वर्षांखालील संघाकडून तो शिकला होता आणि सामना आदिवासी फेरीचा होता. त्या फेरीत एएफएल स्वतः आदिवासी चित्रांच्या जर्सी घालायला लावते, सामन्याआधी आदिवासी नृत्य ठेवते. सामन्याआधी ठरलेल्या वेळी नाचलं तर टाळ्या आणि गोल करून आपल्या मनानं नाचलं तर चिथावणी? न्यूझीलंडचे रग्बीपटू प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडासमोर 'हाका' हे माओरी युद्धनृत्य करतात, ते बघायला लोक पैसे देतात. हातात नसलेल्या भाल्याची भीती कार्ल्टनवाल्यांना वाटली, हे मला पटत नाही.

---

वकीलसाहेबा

दोघंही 'कोण बरोबर' यात अडकला आहात. मला 'मग करायचं काय' यात रस आहे.

जानेवारी 2021, सिडनी कसोटी. सीमारेषेवर मोहम्मद सिराजला शिवीगाळ झाली. त्यानं कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितलं, रहाणेनं अंपायरांना. खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. मैदान सोडायचं असेल तर सोडा असं अंपायर म्हणाले, तेव्हा आम्ही खेळायला आलो आहोत म्हणून रहाणे थांबला. सिराजनं शांतपणे तक्रार केली, कर्णधारानं ती उचलली, अंपायरांनी खेळ थांबवला. गुड्सच्या बाजूनं 2015 मध्ये यातलं काहीच झालं नाही. एकाही अंपायरनं सामना थांबवला नाही.

पण याच प्रकरणाची पुढची बाजू: क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत वांशिक शिवीगाळ झाल्याचं मान्य झालं, आणि बाहेर काढलेले ते सहा जण मात्र ती करणारे नव्हते असंही निघालं. म्हणजे खरे गुन्हेगार सामना बघून घरी गेले. पिवळाकाळांची भीती निराधार नाही. गर्दीतून माणूस निवडताना चूक होते, आणि ती होणार हे धरूनच पद्धत आखली पाहिजे. पुरावा असेल तिथे कारवाई होते: 2016 मध्ये अ‍ॅडलेडला एडी बेट्स या आदिवासी खेळाडूवर केळं फेकणारी पोर्ट अ‍ॅडलेडची पाठीराखी कॅमेऱ्यात सापडली आणि क्लबनं तिच्यावर बंदी घातली. शब्दाला साक्षीदार लागतो, तो शेजारच्या सीटवरच बसलेला असतो. हुर्योला साक्षीदारही लागत नाही, ती सगळ्यांना ऐकू येते, आणि तिथे माणूस निवडायची गरजच नाही. खेळ थांबवा. दोन्ही कर्णधारांना मधोमध उभं करा. थांबेपर्यंत चेंडू टाकू नका.

---

पिवळाकाळा

खेळ थांबवला तर मी तुमच्या बाजूनं आहे. कुणालाही नाव न ठेवता तो संदेश जातो. माझा विरोध मला न विचारता माझ्या मनातलं ठरवण्याला आहे.

मात्र एक. 2023 मध्ये एमसीजीवर कॉलिंगवूडवाल्यांनी बडी फ्रँकलिनची हुर्यो केली. फ्रँकलिन आदिवासी आहे, पण तो अनेक वर्षं सगळ्यांना छळणारा, गोल करणारा फॉरवर्डही होता. तिथेही वंशद्वेष होता म्हणाल?

---

यारातीर

प्रत्येकाच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी कॉलिंगवूडचे कोच क्रेग मॅक्रे आणि क्लब दोघांनीही आपल्याच पाठीराख्यांबद्दल लगेच जाहीर नापसंती व्यक्त केली. 2015 मध्ये एएफएलचे प्रमुख गिलन मॅकलॅक्लन हुर्योला वंशद्वेष म्हणावं की नाही यावर घुटमळत राहिले. एएफएल आणि अठराही क्लबांनी गुड्सची माफी मागितली ती जून 2019 मध्ये, त्याच्यावरचा माहितीपट येतोय हे कळल्यावर. 2021 मध्ये हॉल ऑफ फेमचा मान त्याला देऊ केला, त्यानं तो नाकारला.

आणि 2023 च्याच मार्चमध्ये जमारा अगल-हेगन या आदिवासी खेळाडूला सेंट किल्डाविरुद्धच्या सामन्यात वांशिक शिवीगाळ झाली. पुढच्या सामन्यात पहिला गोल केल्यावर त्यानं जर्सी वर करून कातडीवर बोट ठेवलं. विनमारनंतर तीस वर्षांनी तोच हावभाव. या वेळी "डिवचलं" म्हणणारे फार थोडे होते.

---

दोन_लेकींची_आई

वकीलसाहेबा, शेजारच्या सीटवरच्या साक्षीदाराबद्दल विचारायचं होतं. मी मुलींना घेऊन सामन्याला जाते. मागच्या रांगेतला माणूस असं काही बोलला तर मी मुलींसमोर त्याच्याशी भांडू शकत नाही. स्टेडियमच्या तक्रारीच्या नंबरवर मेसेज केला तर माझं नाव त्याला कळतं का?

---

वकीलसाहेबा

तो मेसेज स्टेडियमच्या नियंत्रण कक्षाकडे जातो, त्या माणसाकडे नाही. स्टँड, रांग आणि सीटचा अंदाज लिहा, बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा आणि वेळ टाका. कॅमेरा मागे नेऊन बघायला त्यांना एवढं लागतं. शब्द सौम्य करून लिहू नका, तिथेच बऱ्याच तक्रारी फसतात.