वाल्मिकी रामायणात लक्ष्मणरेषा सापडतच नाहीये

रोज रात्री आजीला वाल्मिकी रामायणाचं मराठी भाषांतर वाचून दाखवते. काल अरण्यकांडात मारीच मेला, सीता लक्ष्मणाला नको नको ते बोलली, तो रडकुंडीला येऊन निघून गेला आणि लगेच रावण संन्याशाच्या वेषात हजर! रेषा कुठाय? मागची पानं परत चाळली, नाहीच. आजी म्हणते पुस्तक संक्षिप्त असणार, पण आवृत्ती पूर्ण आहे. मग ही रेषा आली कुठून?

पानोपानी: पुस्तक बरोबर आहे, वाल्मिकींकडे रेषा नाहीच. लक्ष्मण जाताना 'सगळ्या वनदेवता तुझं रक्षण करोत' एवढंच म्हणतो. तुलसीदासांच्या रामचरितमानसमध्येही सीताहरणाच्या प्रसंगात ती नाही, थेट लंकाकांडात मंदोदरी रावणाला सुनावते की लक्ष्मणाने काढलेली एवढीशी रेघ तुम्हाला ओलांडता आली नाही, तिथे येते. कृत्तिवासांच्या बंगाली रामायणात मात्र सीताहरणाच्या वेळीच आहे.

जुनाजाणता: म्हणूनच मी म्हणतो मूळ वाचा, बाकी सगळी नंतरची भर.

ओवीवेडी: भर म्हणून सोडून देऊ नका हो, ती का घातली ते बघा ना. सीतेला उचलण्याचाच प्रसंग घ्या. वाल्मिकी काही झाकत नाहीत, रावण डाव्या हाताने तिचे केस धरतो, उजवा हात मांड्यांखाली घालतो, वाचताना अंगावर काटा येतो. कंबनना तमिळमध्ये हे लिहवलंच नसणार, त्यांचा रावण पर्णकुटीखालची जमीनच उकरून कुटीसकट उचलून नेतो, सीतेला बोटही लागत नाही. आणि अध्यात्म रामायणात तर खरी सीता आधीच अग्नीत जाते, रावण नेतो ती तिची छाया. मला हे तिन्ही वेगवेगळ्या वेळी वाचताना तितकंच खरं वाटलंय, कारण प्रत्येकाला सीतेची काळजी आहे, फक्त प्रत्येकाला वेगळी गोष्ट सहन होत नाहीये.

पानोपानी: +१. आणि मराठी माणसाने विमलसूरींचं जैन 'पउमचरिय' तर बघाच, महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या आजीच्याच घरातलं. त्यात रावण राक्षस नाही, विद्याधर (अद्भुत विद्या येणारा माणूस) आहे, दहा तोंडं म्हणजे त्याचं एक आणि गळ्यातल्या हारात पडलेली नऊ प्रतिबिंबं, आणि त्याला मारतो लक्ष्मण, राम नाही. अहिंसा पाळणाऱ्या रामाच्या हातून वध कसा दाखवणार?

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे खूप आभार! आज आजीला सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "ते वनदेवतांचं परत वाच." काल मी रेषा शोधायच्या नादात ती ओळ भरभर वाचून गेले होते. आज सावकाश वाचली. लक्ष्मण हेही म्हणतो की रामाबरोबर परत येईन तेव्हा तू दिसशील ना.