गेमसाठी थ्रीडी मॉडेलिंग : माझा तांब्याचा बंब प्लास्टिकचा का दिसतो?

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेन्सिल आणि जलरंगात हात बसलाय. गेल्या वर्षापासून घरी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकतेय, कारण मला गेममधले प्रॉप्स (दृश्यातल्या वस्तू) करायचे आहेत. यूट्यूबवर बघून पिंपं, पेट्या, तलवारी करून झाल्या, पण तसल्या पेट्या सगळ्यांच्याच पोर्टफोलिओत असतात. मला आपल्या घरातली वस्तू करायची होती, म्हणून आजीकडचा बंब घेतला. कसब्यात तांबट आळीत उभी राहून स्केचेसही केली.

आकार जमलाय असं वाटतं. मधली नळी, खालची जाळी, पितळी तोटी, दोन्ही बाजूंच्या कड्या, सगळं मोजून केलंय. रेंडर आणि वायरफ्रेम (मॉडेलच्या नुसत्या रेघांची जाळी) सोबत जोडलंय. पण अडचणी दोन आहेत. मठारकामाचे (हातोडीने ठोकून केलेल्या कामाचे) ठोके हाय पॉलीवर, म्हणजे बारकाव्यांच्या जड मॉडेलवर, कोरून लो पॉलीवर, म्हणजे गेमच्या हलक्या मॉडेलवर, चित्र म्हणून उतरवले (बेक केले), तर तळाच्या आणि गळ्याच्या कडेशी काळपट ढग येतात. आणि तांबं तांबं वाटतच नाही, नारिंगी प्लास्टिक वाटतं. घरचे म्हणतात लाखभर फी भरून कोर्स कर. खरंच कोर्सशिवाय हे सुटत नाही का?

माळावरचा

बाणेरला एका स्टुडिओत प्रॉप्स करतो, म्हणून लिहितोय. वायरफ्रेम पाहिली. तुझं निरीक्षण चांगलं आहे. तोटीचा बाक आणि कडीचा खिळा कुणी शिकवून येत नाही, तो बघावा लागतो.

काळ्या ढगांचं कारण सरळ आहे. तू अख्खं मॉडेल स्मूथ शेड केलंयस, म्हणजे कडांवरूनही उजेड सलग वळवलायस. तळाशी काटकोन आहे, तिथे लो पॉलीचं शेडिंग वाकतं आणि ते वाकणं पुसायचं ओझं नॉर्मल मॅपवर, म्हणजे बेक करून मिळालेल्या उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्रावर, पडतं. अशी कड शार्प कर, आणि जिथे शार्प केलीस तिथे यूव्हीचा (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडून केलेल्या नकाशाचा) सीम, म्हणजे काप, पण टाक. दोन तुकड्यांमध्ये थोडी जागा सोड, नाहीतर टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) लहान झालं की एकाचा रंग दुसऱ्यात झिरपतो. मग पुन्हा बेक कर.

दुसरं, नॉर्मल मॅपने उजेड फसतो, बाह्यरेषा नाही. तुझा बंब सोळा बाजूंचा आहे, त्यामुळे वरच्या काठाला कोपरे दिसतात. बत्तीस बाजू घे. काही ट्रायअँगल (मॉडेल ज्यांनी बनतं ते त्रिकोण) वाढतील, वाढू देत. त्या बदल्यात जाळीच्या मागच्या बाजूचे काढ, तिथे कोण बघतंय.

अनरिअल या गेम इंजिनमध्ये नेशील तेव्हा ठोके उलटे वाटले तर घाबरू नकोस. ब्लेंडरच्या आणि अनरिअलच्या नॉर्मल मॅपमध्ये हिरवा चॅनल एकमेकांच्या उलट असतो. टेक्स्चरच्या सेटिंगमध्ये तो फिरवायची खूण आहे.

कसबेकर

मॉडेलिंगमधलं मला काही कळत नाही, पण तांब्याच्या भांड्यांत वाढलोय. रेघोटीताई, तुमच्या चित्रात ठोके कुठेही, कसेही पडलेत. मठारताना कारागीर भांडं फिरवत ओळीने ठोकतो, एकाला एक लागून. त्याने पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोक्याचा छोटा सपाट तुकडा वेगळा चमकतो. शोभेपुरतं ते नसतं.

आणि बंब वापरात असेल तर तो सगळीकडे सारखा कसा दिसेल? जाळीपाशी राख आणि काजळी. तोटीखाली पाणी गळून गळून हिरवट डाग. कडीला रोज हात लागतो, तिथेच तेवढं चकाकतं. आमच्या आईचा बंब मी डोळे मिटून सांगू शकतो.

माळावरचा

कसबेकर, हाच तर रफनेस मॅप आहे, कुठे चकाकी आणि कुठे खरखरीत ते सांगणारा! रेघोटी, उघड्या तांब्याला मेटॅलिक (धातूपणाचं माप) पूर्ण ठेव, पण काजळी आणि हिरवा थर धातू नाहीत, तिथे मेटॅलिक शून्य. तू रंग भरून तांबं दाखवायला बघतेस, पण धातूचा रंग म्हणजे परावर्तनाचा रंग. करड्या रिकाम्या सीनमध्ये त्याला परावर्तित करायला काही नसेल तर तो मेलेलाच दिसणार. आधी एचडीआरआय (भोवतालचा उजेड देणारा चौफेर फोटो) लाव, मग रंगाकडे बघ.

कोर्सबद्दल: ब्लेंडर 2002 पासून मुक्तस्रोत आहे, सॉफ्टवेअरवर पैसा घालवायची गरज नाही. कोर्सने शिस्त लागते, पण भरतीच्या वेळी आम्ही प्रमाणपत्र बघत नाही, वायरफ्रेम आणि यूव्ही उघडून बघतो. एक बंब शेवटपर्यंत नीट केलास तर तो दहा अर्धवट तलवारींच्या वरचढ.

रेघोटी

दादा, काका, मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लावला, कारण आधी करून बघायचं होतं.

सीम टाकल्यावर ढग गेले. ठोक्यांसाठी पुन्हा आळीत गेले, यावेळी स्केचबुक न उघडता फक्त बघत बसले. ओळ वर चढताना प्रत्येक ठोका खालच्या दोन ठोक्यांच्या मधोमध बसतो, हे तेव्हा दिसलं. तसं कोरलं आणि एचडीआरआय लावून पाहिलं, तर प्रत्येक तुकडा आपापला उजेड पकडायला लागला. रंगाला हातही लावला नव्हता! चारकोलमध्ये मी कागद कोरा सोडून चमक दाखवते, रफनेस रंगवताना तोच हात चालतोय. कडीवर कमी, गळ्याशी थोडा जास्त, काजळीत पूर्ण. हिरवा डाग अजून शाईसारखा दिसतो, त्याची कड मोडायची आहे.

कोर्स सध्या नाही. आईला रेंडर दाखवलं, तिने आधी तोटी ओळखली.

पुढचा प्रॉप अडकित्ता. केळकर संग्रहालयात त्यांचं मोठं दालन भरेल एवढे प्रकार आहेत, आणि बिजागरी असल्यामुळे तो गेममध्ये उघडता-मिटताही आला पाहिजे. माळावरचे दादा, पिव्होट (ज्याभोवती वस्तू फिरते तो बिंदू) दोन पात्यांच्या खिळ्यावर ठेवायचा की मुठीच्या बुडाशी?

माळावरचा

खिळ्यावर. आणि दोन्ही पाती वेगळे ऑब्जेक्ट ठेव, जोडू नकोस.