सहावी-सातवीच्या पोरींची पाळी कोण मोजतं?

शिक्षिका, गेवराई तालुका: सहावीतच पाळी आलेल्या पोरी आहेत आमच्या शाळेत. देशपातळीवरच्या पाहणीत त्या येतात का? युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, आम्ही मुलींचं स्वच्छतागृह ‘चालू’ भरतो. पण दाराला आतून कडी नाही. एक मैत्रीण बाहेर उभी राहते. पोरी पाळीत घरीच थांबतात, ते कुठं लिहू?

आकडेवाला: नाही येत, मॅडम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (2019-21) पाळीत काय वापरता हे 15 ते 24 वयाच्यांनाच विचारते. स्वच्छ साधनं वापरणाऱ्या 77.3 टक्के, आधीच्या फेरीत 57.6. नुसतं कापड वापरलं की ‘स्वच्छ’मध्ये धरत नाहीत, मग ते कितीही धुवा.

आशाताई, परभणी: धुण्याचं सोडा, वाळवतात कुठं ते विचारा! आमच्याकडं दोरीवर साडीखाली झाकून. ऊन लागतच नाही त्याला. अन् आईबापासंगं कोयत्यावर, ऊसतोडीला गेलेल्या पोरी हंगामभर माझ्या बैठकीत नसतात. फडात कुठला आडोसा?

शिक्षिका: ताई, आमच्याही दिवाळीनंतर जातात. हजेरीपटावर नुसतं ‘गैरहजर’. मी आता कारणाची वेगळी वही घालते, नावं न लिहिता.

आशाताई, परभणी: घाला. कडीचा विषय मात्र शाळा व्यवस्थापन समितीत आधी काढा.