कमी पैशांत फोर बाय फोर उभी केलीत? तुमचा अनुभव सांगा

आमचं शेत वेल्ह्याच्या पुढे आहे. शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता जून ते ऑक्टोबर नुसता लाल चिखल. नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून २०१६ साली महिंद्राची एक जुनी एमएम ५४० जीप घेतली, १ लाख ६० हजारांना. २११२ सीसीचं पीजो डिझेल इंजिन, पत्रा ठीक, पुढचं हाऊसिंग (ॲक्सल आणि त्याचे गिअर ज्यात असतात ती पेटी) आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जागेवर. हे मुद्दाम सांगतोय, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांचा पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, कुणीतरी कधीच काढून ठेवलेला असतो.

पहिली चूक मीच केली. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) आणि मोठे टायर बसवले, चाळीसेक हजार गेले. लांब शॅकलमुळे पुढच्या ॲक्सलचा कल बदलला आणि डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागलं. टायर मोठे झाल्याने ओढ कमी झाली, ब्रेकही उशिरा लागायचे. सहा महिन्यांनी सगळं उतरवलं. मग नसरापूरच्या अलीकडे ट्रकचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बनवणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे चारही पाटे नेले. त्याने ते सोडवले, गंज घासला, बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक दिला, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस लावलं. नवे बुश आणि यू-बोल्ट धरून साडेसात हजार. गाडी दीड इंच वर आली आणि खड्ड्यात चाकं जमीन सोडेनाशी झाली. एवढ्या पैशांत असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

तुम्ही कुठे खर्च केलात, कुठे वाचवलात, काय वाया गेलं, सगळं सविस्तर लिहा. रकमाही लिहा.

दापोलीहून

आमच्याकडे प्रश्न पाण्याचा. जुन्या डिझेलला पाण्याची भीती कमी, कारण पंप मेकॅनिकल. एअर क्लीनरच्या तोंडापर्यंत पाणी चढलं नाही तर इंजिन चालत राहतं. आम्ही मात्र हाऊसिंगचा विचारच केला नव्हता. घाट उतरून आल्यावर हाऊसिंग तापलेलं असतं, ते तसंच पऱ्ह्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. गणपतीनंतर ड्रेन प्लग सोडला तर आधी वाटीभर पाणी, मग जास्त दुधाच्या चहासारखं तेल. बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडलेले.

आता दोन्ही हाऊसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकाला, डिझेलची रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली बॅटरीजवळ उंच बांधली आहे. नळी आणि क्लिप मिळून ३०० रुपये. पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी ठेवून हाऊसिंग निवू देतो. हे दोन्ही कराच.

कोल्हापूरहून

एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर, सगळा फिरवा त्याच चाकाला देतं आणि जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं. दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर घेणं परवडेना, तेव्हा एकाच्या सांगण्यावरून मागच्या डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून घेतले. खर्च फक्त लेथवाल्याची मजुरी. चिखलात गाडी रणगाड्यासारखी चालली. पण डांबरावर वळताना आतलं चाक फरफटायचं, टायर किंचाळायचे. राधानगरीच्या वाटेवर चढाला ॲक्सल शाफ्ट तुटला तेव्हा बायको-मुलं गाडीत होती, वर पाऊस. त्या रात्री किती वेळ मागे-पुढे पाहत उभा होतो, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नका. उद्यमनगरात जुनं डिफरन्शियल शोधून पूर्ववत केलं. आता चाक उचलणार असं दिसलं की खाली दगड भरतो, वाट बदलतो.

नाशिकहून

मी लष्कराच्या लिलावातून निघालेली मारुती जिप्सी दुसऱ्या हातून घेतली. जेमतेम एक टनाची हलकी गाडी, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, चारही बाजूंना पाटे. चिखलात हलकेपणाच कामी येतो. पण ताई-दादांनो, आधी कागद बघा. लिलावाची पावती आणि सुटकेचे कागद नसतील तर पासिंग होत नाही, मग ती गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. ऑलिव्ह हिरवा रंगही बदलावाच लागतो, नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली होती, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स वेगळा.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेली मूळ बांधणी बदलता येत नाही, इंजिन बदलायचं तरी परवानगी लागते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून मी मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेतले, पाच टायरचे ४१ हजार. माझ्या बजेटमधला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि मला तो एक रुपयाही जास्त वाटत नाही.

मस्कतहून

आम्ही चौघा मराठी मित्रांनी निसानची एक जुनी ‘पॅट्रोल’ नावाची फोर बाय फोर वर्गणी काढून घेतली. इथल्या वहीबा वाळवंटात पहिल्याच दिवशी शंभर मीटरवर रुतलो. वाळवंटातल्या बदू जमातीच्या एका आजोबांनी थांबून न बोलता चारही टायरचे व्हॉल्व्ह दाबले आणि हवा १५ पीएसआयवर आणली. टायर पसरला, गाडी स्वतःच्या ताकदीने वर आली. तेव्हापासून चांगला हवामापक, लहान कॉम्प्रेसर आणि फावडं एवढं गाडीत कायम असतं. कमी हवेवर जोरात वळू नका, रिमवरून टायर सुटतो. आणि डांबरावर येताच हवा भरा.

साताऱ्याहून

माझी गाडी फोर बाय टू बोलेरो, ताकद फक्त मागच्या चाकांना. मागच्या चाकांवर वाळूची तीन पोती टाकतो, हवा २० वर आणतो, निम्मं काम होतं. उरलेलं ट्रॅक्टर करतो. ओढताना साखळी नको, चांगला पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी, म्हणजे डी-शॅकल, घ्या, आणि अडकवायचं ते चेसिसला बोल्ट केलेल्या हुकालाच. आमच्या गावात बंपरला वेल्ड केलेला हुक तुटून मागची काच फोडून गेला. नशिबाने आत कुणी नव्हतं. आता पट्ट्यावर ओलं पोतं टाकतो आणि माणसांना लांब उभं करतो.

वेल्ह्याहून, पुन्हा मी

दापोलीकरांचं वाचून काल ड्रेन प्लग सोडला. मागचं तेल काळं, स्वच्छ. पुढचं मात्र दुधाळ निघालं. मी वर्षभर तशीच चालवत होतो. सील आणि बेअरिंग आणायला उद्या पुण्यात नाना पेठेत जातोय, नळीही तिथूनच आणेन. बॉनेटखाली नळी नेमकी कुठून वर नेलीत, त्याचा फोटो कुणी टाकाल का? एक्झॉस्टच्या बाजूने नेली तर वितळेल असं वाटतंय.