मदत हवी आहे: घुग्घुसची जुनी टोपोशीट उपग्रहचित्रावर बसत नाही

घुग्घुस (जि. चंद्रपूर) भागाची इंचाला मैल प्रमाणातली जुनी टोपोशीट (भारतीय सर्वेक्षण विभागाचा भूरूप नकाशा) क्र. ५६ एम/१ क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली आहे. चार कोपरे देऊन डब्ल्यूजीएस ८४ मध्ये (जीपीएस वापरतं त्या अक्षांश-रेखांश पद्धतीत) बसवली, तर गावठाणं पूर्वेला आणि थोडी दक्षिणेला सरकतात. खुल्या खाणींत गडप झालेल्या नाल्यांच्या वाटा काढायच्या आहेत. निळा रंग वेगळा केला तर बरेच नाले येतच नाहीत. एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या) उंचीतून जुनी उंची वजा केली की आकडेही भलतेच येतात. काय चुकतंय?

प्रतिसाद १
शीट एव्हरेस्ट लंबगोलावरची (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावरची) आहे. तिचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएसचे धरले की या भागात सगळं साधारण १५० मीटर पूर्वेला आणि ९० मीटर दक्षिणेला जातं. शीटसाठी ईपीएसजी ४१४६ (कल्याणपूर १९७५) ही निर्देशक पद्धत निवडा, तिथून डब्ल्यूजीएसला नेणारे रूपांतराचे आकडे २९५, ७३६, २५७ मीटर आहेत ना ते बघा, मग यूटीएम ४४ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या.

चार कोपऱ्यांवर भागवू नका. दर ५ मिनिटांच्या रेघांचे १६ छेद मिळतात, ते सगळे घ्या. आधी पहिल्या श्रेणीचं पॉलिनोमियल (अख्खी शीट एकसारखी सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं रूपांतर) लावून कुठला बिंदू चुकीचा टाइप झालाय ते शोधा. थिन प्लेट स्प्लाइन (शीट रबरासारखी प्रत्येक बिंदूवर ताणून बसवणारी पद्धत) त्यानंतरच, कारण त्यात प्रत्येक बिंदूची तफावत शून्य दिसते आणि चूक झाकली जाते. पडताळणीला जुनं देऊळ घ्या, वर्धा नदीचा काठ नको, नदी सरकते. कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ३२ मीटर, त्याहून बारीक अचूकता या शीटमधून निघणार नाही.

प्रतिसाद २
नाले हरवण्याचं कारण रंगात आहे. सर्वेक्षण विभागाच्या शीटवर पाणी असलेला प्रवाह निळा, पण उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला काळ्या रेघेत असतो. काळ्यातच पायवाटा आणि अक्षरंही येतात, म्हणून हे नाले हातानेच गिरवा. काळी रेघ ओलांडताना समोच्चरेषेचं (समान उंची जोडणाऱ्या रेषेचं) टोक चढाकडे वळलेलं दिसलं की ती काळी रेघ नाल्याची.

शीटवरची उंची फुटांत आहे, आधी ०.३०४८ ने गुणा: ६०० फूट म्हणजे १८२.९ मीटर. समोच्चरेषा ५० फुटांच्या उंचीच्या अंतराने आहेत, त्यामुळे मधल्या जागी सात-आठ मीटरची चूक सहज होते. खाणीतून काढलेल्या मातीचा मोठा ढिगारा वजाबाकीत दिसेल, नाल्याचं पात्र नाही. एसआरटीएम फेब्रुवारी २००० चं आहे. नंतरचे ढिगारे त्यात नाहीत.

शीटच्या समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष नोंदवा, छपाईचं नको. पुनर्मुद्रणात बहुधा रस्ते नवे घालतात, नाले जुनेच राहतात.