सॅटेलाइट सिस्टीमला पेटंट? मग आभाळालाही कुंपण घाला की

उद्यमबाग_टर्नर
भाचा इंजिनीयरिंगला आहे, सॅटेलाइटवर प्रोजेक्ट करतोय आणि त्याचे सर म्हणतात पेटंट टाक. मला काय हे पटत नाही. ३५,७८६ किमीवर विषुववृत्ताच्या वर सॅटेलाइट सोडला की तो पृथ्वीच्या बरोबरीनं फिरतो, खालून एकाच जागी दिसतो, हे कुणी बनवलेलं यंत्र नव्हे, गुरुत्वाकर्षण आहे. असे तीन लावून जगभर सिग्नल पोचवायची कल्पना इंग्रज लेखक आर्थर क्लार्कनं १९४५ लाच छापून टाकली, पेटंट-बिटंट काय घेतलं नाही. उरलं ते सॉफ्टवेअर, ते आपल्याकडं पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नं बाद. मग राहिलं काय?

निपाणी_वकीलताई
राहिलं ते सगळंच की ओ अण्णा. निसर्गाच्या नियमाला पेटंट नाही, कबूल, ३(सी) तेच सांगतं. खरं सॅटेलाइट जागेवर धरून ठेवणं ही कारागिरी आहे. ह्यूज या अमेरिकन कंपनीच्या डोनाल्ड विल्यम्सनं काय केलं, गिरकी घेणाऱ्या सॅटेलाइटला प्रत्येक फेऱ्यात नेमक्या क्षणी जेटचा झटका द्यायचा, जमिनीवरून सांगून, म्हणजे एवढ्याशा जेटनं तोंड पण वळतं. १९७३ ला पेटंट मिळालं, अमेरिकन सरकारनंच न विचारता वापरलं म्हणून खटला, आणि १९९४ ला १० कोटी डॉलरच्या वर भरपाई. लोखंड बाजारातलं असलं म्हणून तुम्ही बनवलेलं जॉब धरायचं जिग फुकटचं होतं का?

जांबोटी_रेंज_शोधतोय
ताई, ते खरंच यंत्र होतं. टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीचं बघा की. १९९५ ला मध्यम उंचीवरच्या सॅटेलाइट ताफ्याचं पेटंट घेतलं, त्यात उंचीचा पट्टाच लिहून टाकलेला, आणि ते घेऊन आयसीओ या दुसऱ्या सॅटेलाइट कंपनीला कोर्टात खेचलं. २००८ ला एएमसी-१४ नावाचा सॅटेलाइट चुकीच्या ऑर्बिटमध्ये अडकला, चंद्राला वळसा घालून वाचवायचा विचार होता, तिथं बोइंगचं पेटंट आडवं आल्याच्या बातम्या होत्या. चंद्राला वळसा मारायला परवानगी कसली मर्दा! आमच्याकडं कणकुंबीच्या वाटेवर मोबाइलला एक काडी येत नाही आणि हे लोक वरच्या वाटा अडवून बसणार.

निपाणी_वकीलताई
टीआरडब्ल्यूचा दावा मला पण जादाच वाटतो. खरं तेवढ्यावर अख्खा विषयच बाद कसा? २०१९ ला फरीद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं सांगितलंय, तांत्रिक परिणाम दिसत असेल तर सॉफ्टवेअर आहे एवढ्यावरून नाकारू नका.

उद्यमबाग_टर्नर
म्हणजे अल्गोरिदमला अँटेना चिकटवली की झालं पेटंट. २००४ च्या पेटंट वटहुकुमात हार्डवेअरसोबतच्या सॉफ्टवेअरला वाट दिली होती, २००५ ला संसदेनं ती काढून टाकली, विसरलात का?

निपाणी_वकीलताई
म्हणूनच नुसती चिकटवून चालत नाही. भाच्याचं नेमकं काय आहे सांगा की.

उद्यमबाग_टर्नर
५५० किमीवरचा सॅटेलाइट काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, तेव्हा दुसऱ्यावर जाताना कॉल तुटू नये म्हणून अँटेनाचा बीम आधीच वळवायचा, असं काहीतरी. शनिवारी कॉलेजच्या प्रदर्शनात मांडणार आहे.

निपाणी_वकीलताई
थांबवा त्याला! आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकू दे, पूर्ण अर्जाला नंतर १२ महिने मिळतात. सगळ्यांसमोर मांडलं की नवेपणा गेला, मग ३(के) पर्यंत जायचीच गरज नाही. आपल्याला कर्नाटकवाल्यांना चेन्नईचं पेटंट ऑफिस लागतं, पलीकडं महाराष्ट्रात कागलवाल्यांना मुंबई, खरं ऑनलाइन जातं.

जांबोटी_रेंज_शोधतोय
मामा विरोधात आणि भाचा पेटंटवाला, बरं आहे 😀

उद्यमबाग_टर्नर
अर्ज टाकायला सांगतो त्याला. मत माझं तेच.